पडतळ ओळखणारा श्रेष्ठी : कै. शेठ वालचंद हिराचंद

आपल्या संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी समाजातील एखाद्या कर्तृत्ववान पूर्वजाचे चरित्र लिहावे, अशी आज्ञा विश्वस्त मंडळाने केली, तेव्हा प्रथम संकोच वाटला. मी काही लेखक नव्हे. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन वडिलांच्या कापड दुकानाच्या गादीवर बसलो, त्याला आता चाळीस वर्षे झाली. गजाने कापड मोजणाऱ्याने लेखणी किती चालवावी, हा प्रश्नच आहे. परंतु विषयाचा विचार करताना शेठ वालचंद हिराचंद यांचे नाव मनात आले आणि संकोच मावळला. त्यांची जहाजे, त्यांचे कारखाने, त्यांची देशभक्ती यांविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मी मात्र त्यांच्याकडे एका दुकानदाराच्या नजरेने पाहणार आहे. मालाचा भाव ठरतो कसा, तो कोण ठरवतो आणि तो टिकवण्याची किंमत काय असते, हा धडा त्यांच्या जीवनातून जितका स्पष्ट मिळतो, तितका मला महाविद्यालयातील अर्थशास्त्राच्या पुस्तकांतून मिळाला नाही.

जन्म आणि जडणघडण

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे, दिगंबर जैन, दोशी आडनावाचे. व्यापारानिमित्त सोलापुरास येऊन ते येथलेच झाले. वडील शेठ हिराचंद नेमचंद यांचा सावकारी आणि कापसाचा व्यवसाय होता. ते केवळ धनिक नव्हते, तर समाजसुधारणेची तळमळ असलेले विचारवंत होते. मराठी जैन समाजाला जागृत करणारे ‘जैन बोधक’ हे नियतकालिक त्यांनीच सुरू केले. अशा घरात हिशोबाची शिस्त आणि विचारांचे मोकळेपण ही दोन्ही बाळाला आपोआप मिळाली.

वालचंद १८९९ साली मॅट्रिक झाले. पुढे मुंबईस आणि पुण्यास त्यांनी महाविद्यालयीन शिक्षण घेतले, परंतु पदवी पूर्ण न करता ते घरच्या व्यवसायात आले. पिढीजात सावकारी आणि आडत त्यांच्या मनाला मानवणारी नव्हती. ज्या धंद्यात काही नवे उभे राहत नाही, त्यात त्यांचे मन रमेना. अशा वेळी त्यांची गाठ लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी पडली. फाटक पूर्वी रेल्वेत कारकून होते. भांडवल आणि पत वालचंदांची, रेल्वेच्या कामकाजाची आतून असलेली माहिती फाटकांची, अशी ही भागी विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी जमली. ‘फाटक-वालचंद’ या नावाने बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या कामापासून ठेकेदारीस सुरुवात झाली. एका जैन सावकाराच्या मुलाने माती-दगडाच्या कामात पडावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

ठेकेदारीने शिकवलेला पहिला धडा

ठेकेदाराचा धंदा आणि आम्हा दुकानदारांचा धंदा यांत एक मोठा फरक आहे. आम्ही माल आधी घेतो आणि भाव मागून सांगतो. घेतलेल्या मालाची पडतळ, म्हणजे खरेदी, गाडीभाडे, हमाली, जकात, व्याज आणि दुकानखर्च धरून तो माल आपल्याला प्रत्यक्ष कितीला पडला तो आकडा, आमच्यासमोर असतो. ठेकेदाराला मात्र काम होण्याआधीच भाव लिहून द्यावा लागतो. मातीखाली मुरूम लागेल की काळा पाषाण, पाऊस लवकर येईल की उशिरा, मजूर टिकतील की शेतीच्या हंगामात गावी जातील, हे सर्व आधीच गृहीत धरून त्याला एक आकडा लिहावा लागतो. आकडा चढा लिहिला, तर काम मिळत नाही. उतरता लिहिला, तर काम मिळते आणि त्यातच ठेकेदार बुडतो. ज्याला आपली पडतळ कळत नाही, त्याला टेंडर न मिळणे हेच त्याचे भाग्य म्हणावे लागते.

वालचंद या परीक्षेत उतरले आणि एकेक पायरी चढत गेले. १९२० च्या सुमारास टाटांच्या बांधकाम कंपनीशी त्यांचे काम जोडले गेले. मुंबई-पुणे लोहमार्गावरील बोरघाटातील बोगदे, तानसा तलावाचे पाणी मुंबईस आणणारे नळ, सिंधू नदीवरील कालाबाग येथील पूल अशी अवघड कामे त्यांच्या कंपन्यांनी पार पाडली. १९२६ साली स्थापन झालेली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी ही याच परंपरेतील. घाटातून रेल्वेने जाताना बोगद्यात अंधार झाला की आपण गप्पा थांबवतो. त्या अंधारातला प्रत्येक घनफूट दगड कोणीतरी आधी कागदावर मोजला होता, हे आपल्या ध्यानी येत नाही.

समुद्रावरील भावाचे रहस्य

पहिले महायुद्ध संपले आणि वालचंदांची दृष्टी समुद्राकडे वळली. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांचे ‘लॉयल्टी’ हे जहाज विक्रीस निघाले होते. हे जहाज युद्धकाळात जखमी सैनिकांचे रुग्णालय म्हणून वापरले गेले होते. शेठ नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांच्यासह वालचंदांनी ते घेतले आणि १९१९ साली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन झाली. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाले. भारतीय मालकीच्या जहाजाच्या या प्रवासाच्या स्मरणार्थ ५ एप्रिल हा दिवस आपल्या देशात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

हे धाडस किती मोठे होते, हे समजण्यासाठी त्यापूर्वी काय घडले ते पाहिले पाहिजे. १८९० च्या दशकात जमशेटजी टाटांनी जपानी कंपनीच्या साहाय्याने सूत आणि कापूस पूर्वेकडे नेणारी स्वतःची जहाजसेवा सुरू केली होती. त्याबरोबर पी. अँड ओ. या बलाढ्य ब्रिटिश कंपनीने आपले भाडे नाममात्र दरापर्यंत खाली आणले. व्यापारी स्वस्त भाड्याकडे वळले, टाटांची सेवा बंद पडली आणि भाडे पुन्हा वर गेले. पुढे १९०६ साली तुतिकोरिन येथे व्ही. ओ. चिदंबरम् पिल्ले यांनी स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढून कोलंबोची वाहतूक सुरू केली. तेव्हा ब्रिटिश इंडिया कंपनीने तिकीट कमी करीत नेले. अखेर प्रवाशांना फुकट नेऊन वर छत्री भेट देण्यापर्यंत मजल गेली, अशी आठवण सांगतात. १९०८ साली पिल्ले राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात गेले आणि थोड्याच वर्षांत कंपनी मोडली. छत्र्या वाटणारी कंपनी मात्र टिकली आणि छत्रीची किंमत तिने पुढच्या भाड्यातून वसूल केली असेल, यात शंका बाळगण्याचे कारण नाही.

भाडे पाडणे हे एक शस्त्र झाले. दुसरे शस्त्र याहून सूक्ष्म होते आणि आम्हा कापडवाल्यांना ते मुद्दाम समजून घेण्यासारखे आहे, कारण १८७७ च्या सुमारास कलकत्त्याच्या व्यापारात मँचेस्टरच्या कापडाच्या वाहतुकीवरच ते प्रथम योजले गेले. ते म्हणजे राखून ठेवलेली सूट. समजा, एक व्यापारी दरमहा १००० रुपयांचे भाडे देतो. जहाज कंपनी त्याला १० टक्के सूट कबूल करते, पण ती हातात देत नाही. सहा महिन्यांची ६०० रुपये सूट जमते. ती आणखी सहा महिने कंपनीकडेच राहते आणि त्या सहा महिन्यांत व्यापाऱ्याने एकही गठ्ठा दुसऱ्या कंपनीच्या जहाजाने पाठवला नसेल, तरच मिळते. तोवर नव्या सहामाहीचे आणखी ६०० रुपये जमलेले असतात. म्हणजे व्यापाऱ्याचे १२०० रुपयांपर्यंत कंपनीच्या मुठीत अडकलेले असतात. अशा वेळी नवे जहाज येऊन एका महिन्याच्या मालावर २० टक्के कमी भाडे देऊ लागले, तर व्यापाऱ्याचे २०० रुपये वाचतात आणि १२०० रुपये जातात. कोण शहाणा व्यापारी नव्या जहाजाकडे वळेल? आपल्याच पैशाने आपल्यालाच बांधून ठेवणारी ही युक्ती होती. बाहेरून पाहणाऱ्याला ती सूट दिसे, प्रत्यक्षात ती बेडी होती.

तग धरण्याची किंमत

सिंदियाच्या वाट्याला ही दोन्ही शस्त्रे आली. पी. अँड ओ. आणि ब्रिटिश इंडिया या कंपन्या १९१४ पासून एकत्र आल्या होत्या आणि त्यांच्या शिरोभागी लॉर्ड इंचकेप होते. किनारपट्टीच्या आणि ब्रह्मदेशच्या वाहतुकीत भाडी पाडली गेली. त्यातच युद्धानंतरची तेजी ओसरून १९२० पासून जगभर जहाजभाडी कोसळली. ‘लॉयल्टी’ हे जहाजदेखील किफायतशीर ठरले नाही आणि थोड्याच वर्षांत ते काढून टाकावे लागले. भागधारकांत अस्वस्थता पसरली. इंचकेपांनी सिंदिया विकत घेण्याची तयारी दाखवली. तेव्हा विकून मोकळे होणे ही सोपी वाट होती. वालचंद आणि नरोत्तम मोरारजी यांनी ती नाकारली.

येथे एक गोष्ट समजून घ्यावी. भावयुद्धात ज्याचा माल चांगला तो जिंकतो असे नाही. ज्याची पडतळ कमी तोही नेहमी जिंकत नाही. ज्याला तोटा अधिक काळ सोसवतो तो जिंकतो. मोठी कंपनी एका मार्गावरचा तोटा दहा मार्गांवरच्या नफ्यातून भरून काढते. लहानाला तोच एक मार्ग असतो. म्हणून अशा लढाईत भाव म्हणजे मालाची किंमत राहत नाही, तो प्रतिस्पर्ध्याच्या श्वासाची लांबी मोजण्याचे माप बनतो.

अखेर १९२३ साली दोन्ही पक्षांत दहा वर्षांचा करार झाला. सिंदियाचे अस्तित्व मान्य झाले आणि भाडे पाडण्याचे युद्ध थांबले. परंतु त्या बदल्यात सिंदियाने आपली जहाजे ७५००० टनांपलीकडे वाढवायची नाहीत आणि हिंदुस्थान, ब्रह्मदेश व सिलोनच्या किनारी मालवाहतुकीपलीकडे जायचे नाही, असे ठरले. वालचंदांना या करारातील अपमान पुरेपूर कळत होता. ज्या समुद्राच्या काठी आपण जन्मलो, त्या समुद्रावर किती जहाजे ठेवावीत, हे परक्याने ठरवावे, याचे शल्य त्यांना पुढे सतत टोचत राहिले. तरीही त्यांनी सही होऊ दिली. कारण जिवंत राहिलेली कंपनी पुढे करार बदलू शकते, बुडालेली कंपनी तो मोडूही शकत नाही. टाटांची सेवा गेली, पिल्ल्यांची कंपनी गेली, सिंदिया राहिली. तिच्या राहण्याची ती किंमत होती.

पुढील काळात त्यांनी दुकानाच्या उंबरठ्याबाहेरची लढाई हाती घेतली. एकट्या कंपनीने भाव टिकवता येत नाही, त्यासाठी व्यापाऱ्यांची संघटना आणि न्याय्य कायदा हवा, हे त्यांनी ओळखले होते. १९२७ साली महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापना त्यांच्या पुढाकाराने झाली. फिक्की या अखिल भारतीय संघटनेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले. १९२८ साली मध्यवर्ती कायदेमंडळात साराभाई नेमचंद हाजी यांनी किनारी वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवण्याचे विधेयक मांडले आणि पाठोपाठ राखीव सुटीची पद्धत बंद करण्याचेही मांडले. या दोन्ही विधेयकांमागे सिंदियाच्या अनुभवाची शिदोरी होती. ती कायद्यात उतरली नाहीत. उलट १९३५ च्या कायद्यात ब्रिटिश कंपन्यांना संरक्षण देणारी कलमे आली. १९२९ साली नरोत्तम मोरारजींच्या निधनानंतर सिंदियाचे अध्यक्षपद वालचंदांकडे आले. १९५० पर्यंत त्यांनी ते सांभाळले.

साखर, विमान, जहाज, मोटार

त्यांच्या इतर उद्योगांची यादी आपल्या सर्वांस परिचित आहे. नाशिक जिल्ह्यातील रावळगाव आणि इंदापूर तालुक्यातील कळंबच्या माळावर उभे राहिलेले वालचंदनगर येथे त्यांनी ऊस आणि साखरेचे उद्योग उभारले. १९३२ साली साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला आणि परदेशी साखरेच्या भावाशी झुंजणाऱ्या देशी कारखान्यांना उभे राहण्यास अवसर मिळाला. जहाजधंद्याला जे मिळाले नाही ते साखरेला मिळाले आणि त्याचा परिणाम सर्वांनी पाहिला. काही वर्षे आधार मिळाला, तर देशी उद्योग आपल्या पायावर उभा राहू शकतो, हे त्यातून सिद्ध झाले.

१९४० साली म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी सुरू झाली. युद्धाच्या निकडीमुळे १९४२ साली सरकारने ती आपल्या ताब्यात घेतली. आजची हिंदुस्थान एरोनॉटिक्स ही तिचीच वाढलेली शाखा. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणम येथील जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाली आणि १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते ‘जल उषा’ हे जहाज तेथून समुद्रात उतरले. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली. तिच्या ‘पद्मिनी’ मोटारी अनेक दशके मुंबईच्या टॅक्सी म्हणून धावल्या आणि २०२३ साली त्यांनी रस्त्याचा निरोप घेतला.

या सर्व उद्योगांत एक सूत्र आढळते. जेथे परदेशी कंपनी भाव ठरवत होती आणि आपण निमूटपणे देत होतो, नेमक्या त्याच जागी वालचंदांनी आपला माल उभा करण्याचा प्रयत्न केला. त्यांतील काही प्रयत्न सरकारकडे गेले, काही पुढे मंदावले, सिंदिया कंपनीही कालांतराने लयास गेली. परंतु आपल्यालाही हे करता येते, हा विश्वास मागे राहिला.

दुसरी बाजू

चरित्र लिहिताना केवळ आरती ओवाळणे योग्य नव्हे. सिंदिया मोठी झाली, तेव्हा किनाऱ्यावरील लहान भारतीय जहाज कंपन्या तिच्याविरुद्ध तक्रारी करू लागल्या. इंग्रजांनी जे सिंदियाशी केले तेच सिंदिया आमच्याशी करते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. १९३७ साली सिंदिया हज यात्रेकरूंच्या वाहतुकीत उतरली, तेव्हा मोगल लाइन या ब्रिटिशांच्या हातातील कंपनीशी पुन्हा भाडेयुद्ध पेटले. यात्रेकरूंना काही काळ अतिशय स्वस्त प्रवास घडला. स्वदेशी कंपनीही भाव पाडण्याच्या मोहापासून सर्वस्वी मुक्त नव्हती, हे इतिहास सांगतो. वालचंदांच्या थोरवीला याने बाधा येत नाही. पण आपल्या विचाराला चालना जरूर मिळते. जो काल लहान होता तो आज मोठा झाल्यावर कसा वागतो, ही व्यापाऱ्याची खरी कसोटी आहे.

येथे माझा स्वतःचा एक अनुभव सांगितल्यावाचून राहवत नाही. सुमारे वीस वर्षांपूर्वी आमच्या पेठेत एक मोठे कापड दालन उघडले. शर्टिंग आणि सूटिंगचे भाव त्यांनी इतके खाली ठेवले, की गिरणीकडून ठोकात घेतानाही आम्हाला तो भाव मिळत नसे. वडील त्या वेळी हयात होते. आमच्या दुकानात प्रत्येक ताक्याच्या चिठ्ठीवर सांकेतिक अक्षरांत पडतळ लिहिण्याची त्यांची पद्धत होती. विक्रेत्याने घासाघीस करताना त्या अक्षरांच्या खाली जायचे नाही, हा दंडक. मी तरुणपणाच्या जोरावर नव्हे, चांगला पन्नाशीकडे झुकलेला असताना, तो दंडक मोडला. दालनाच्या भावाला भाव द्यायचा, असे ठरवून तीन महिने तोट्यात विकले. दुकानात गर्दी वाढली, गल्ला भरल्यासारखा वाटे आणि दिवाळीच्या चोपडापूजनाला मेळ घातला, तेव्हा भांडवलाला भोक पडलेले दिसले. वडील एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी फक्त चिठ्ठ्या पुन्हा लिहायला घेतल्या.

ती चूक होती, पण पापाची गोष्ट त्यापुढची आहे. सूटिंगमधून अंग काढून आम्ही लहान मुलांचे कापड, परकराचे कापड, अस्तर अशा मालाकडे वळलो आणि पुन्हा सावरलो. काही वर्षांनी समोरच्या बोळात एका होतकरू माणसाने नेमक्या त्याच मालाचे छोटे दुकान काढले. त्याचे गिऱ्हाईक जमू लागले. तेव्हा मी अस्तराचा भाव पडतळीच्या खाली आणला. दालनाने माझ्याशी जे केले होते तेच. मला ते सोसवत होते, त्याला नव्हते. सहा महिन्यांत त्याने दुकान बंद केले. पुढच्या महिन्यात मी भाव पूर्ववत केला. गिऱ्हाइकाने तक्रार केली नाही, कारण तक्रार करून जायचे कोठे? हिशोबात तो व्यवहार फायद्याचाच दिसतो. पण पर्युषणात क्षमापनेच्या दिवशी प्रतिक्रमणास बसलो की त्या माणसाचा चेहरा समोर येतो. पुढे शोध करून मी त्याच्या घरी गेलो. तो दुसऱ्या गावी गेल्याचे कळले. क्षमा मागायची राहून गेली, ती राहूनच गेली.

वालचंदांचे चरित्र मी त्यानंतर पुन्हा वाचले आणि मला उमगले, की आजवर मी स्वतःला सिंदियाच्या जागी समजत होतो. त्या बोळापुरता मी इंचकेप झालो होतो.

आजच्या व्यापाऱ्यांसाठी

आज आपली मुले दुकानाच्या गादीवर बसत असली, तरी त्यांची स्पर्धा शेजाऱ्याशी राहिलेली नाही. मोबाइलच्या पडद्यावरून घरपोच माल देणारे मोठे उद्योग सुटीचे आकडे झळकवतात. काही मुले सनदी लेखापाल, वास्तुविशारद, सल्लागार झाली आहेत. त्यांनाही फी किती सांगावी हा प्रश्न रोज पडतो. कमी सांगितली तर काम येते पण घर चालत नाही, अधिक सांगितली तर अशील दुसरीकडे जातो. बोरघाटाच्या ठेकेदारासमोर होता तोच हा प्रश्न आहे.

वालचंदांच्या जीवनातून मला जे उत्तर मिळाले ते असे. पहिले, आपली पडतळ प्रामाणिकपणे काढावी आणि त्यात आपल्या वेळेचे व जोखमीचे मोल धरावे. दुसरे, बलवान प्रतिस्पर्ध्याने पाडलेल्या भावाशी बरोबरी करण्यापूर्वी आपला श्वास किती लांब आहे ते पाहावे, आणि श्वास आखूड असेल तर दुसरा माल, दुसरी सेवा शोधावी. तिसरे, तडजोड करावी लागली तर लाज बाळगू नये, परंतु तडजोडीलाच मुक्काम समजू नये. चौथे, एकट्याने न लढता संघटित व्हावे. २००२ च्या स्पर्धा कायद्याने बाजारातील वर्चस्वाचा गैरवापर करून पडतळीखाली भाव लावण्यास आज मनाई केली आहे. हाजींच्या काळी नाकारले गेलेले संरक्षण वेगळ्या रूपाने आपल्याला लाभले आहे. पाचवे आणि सर्वांत कठीण, आपण मोठे झाल्यावर बोळातल्या लहान दुकानदाराला जगू द्यावे. तो कायदा माझ्यासारख्या लहान वर्चस्ववाल्यापर्यंत पोहोचत नाही. तेथे पोहोचते ते फक्त आपले मन.

अखेर

१९४९ साली वालचंदांना अर्धांगाचा झटका आला. १९५० साली त्यांनी कामकाजातून निवृत्ती घेतली. पत्नी कस्तुरबाईंच्या सहवासात गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे अखेरचे दिवस गेले आणि ८ एप्रिल १९५३ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. ‘लॉयल्टी’ने मुंबई बंदर सोडल्याला तेव्हा चौतीस वर्षे आणि तीन दिवस झाले होते. त्यांच्या नावाने सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय, सोलापुरातील शिक्षणसंस्था आणि वालचंदनगर आजही उभे आहेत. आपल्या समाजातील अनेक मुलांनी तेथे शिक्षण घेतले आहे.

संस्थेच्या पन्नास वर्षांच्या निमित्ताने या श्रेष्ठीस विनम्र अभिवादन करतो. ही स्मरणिका कोठेतरी, कोणत्यातरी गावी, अस्तराचे कापड विकणाऱ्या त्या गृहस्थांच्या हाती पडली, तर त्यांनी या लेखालाच माझी क्षमायाचना समजावी, एवढी विनंती आहे.

मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.